दोन खाटांची खोली आणि महिन्यातल्या दोन रात्री

स्मरणिका निघायची म्हटली की संस्थापकांवर, माजी मुख्याध्यापकांवर, देणगीदारांवर आणि उत्तम निकालाच्या वर्षांवर लेख येतात. ते यायलाच हवेत. आम्ही इतिहासाचे शिक्षक म्हणून संपादक मंडळाची अपेक्षा अशी की, शाळेच्या स्थापनेचा काळ आम्ही लिहावा. तो लिहिणारी आमच्याहून जाणती माणसे आहेत. आम्हास लिहायचे आहे ते भोजनगृहाशेजारच्या दोन खाटांच्या खोलीविषयी आणि तिथे बसणाऱ्या आमच्या सिस्टरांविषयी.

सिस्टर बहुतेक पालकांच्या परिचयाच्या आहेत. मात्र महिन्यातील दोन शनिवारी त्या संध्याकाळी शाळेतून निघतात, शहरातील एका रुग्णालयात बालरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळी करतात आणि रविवारी सकाळी परततात, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील काहींना ते रुचत नाही. मागे एका पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही लेकरं तुमच्या भरवशावर ठेवली जी, अन् सिस्टर रात्री दुसऱ्याच्या दवाखान्यात?" प्रश्न रास्त होता. सभेत त्याचे उत्तर घाईत दिले गेले. इथे ते सावकाश द्यावे असे वाटते.

प्रथम त्या खोलीतील काम पाहावे. सकाळी प्रार्थनेआधीच दाराशी रांग लागते. कुणाला खरूज, कुणाला ताप, कुणाचा पाय मुरगळलेला. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात पोटदुखीवाले हमखास वाढतात, आणि ती पोटदुखी घरच्या आठवणीची आहे हे सिस्टर चेहऱ्यावरून ओळखतात. औषधाऐवजी त्या मुलाला शेजारी बसवून गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला लावतात. सोमवारी जेवणानंतर लोहाच्या निळ्या गोळ्या, फेब्रुवारीत जंताची गोळी, तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकासाठी नोंदवह्या. यातले बरेचसे काम अनुभवी, मायाळू बाई कुणीही करू शकेल. परंतु त्या खोलीत एक कुलूपबंद कपाट आहे आणि त्यात सिकलसेलच्या मुलांची यादी आहे.

विदर्भातील वाचकांना हा आजार समजावून सांगण्याची गरज नाही, तरी थोडे सांगतो. नीलगिरीतील आदिवासींमध्ये तो १९५२ साली आढळला आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी या डॉक्टरद्वयाने मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. आपल्या समाजात आणि गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. यात दोघांचा वाटा सारखा; तरीही दोष आईच्या पदरी घातला जातो आणि सिस्टरांचा निम्मा वेळ पालकांना हेच समजावण्यात जातो. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अति श्रम यांनी वेदनांचा झटका येतो. नागपूरची डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार, दोन्ही या मुलांच्या वैरी. बाहेरून मूल धडधाकट दिसते. त्यामुळे कवायतीच्या तासाला "पाय दुखतो" म्हणणारा मुलगा पाहणाऱ्याला कामचुकार वाटतो. त्याला वर्गात बसवावे, पाणी पाजून उबेत निजवावे, की तत्काळ रुग्णालयात न्यावे, हे ठरवायला शाळेत डॉक्टर नसतो. ते सिस्टरांनाच ठरवावे लागते, आणि बहुधा रात्रीच.

त्या दोन रात्रपाळ्यांचे मर्म इथे आहे. शाळेत वर्षभरात गंभीर आजारी मूल एखाद-दुसरे. वॉर्डात एका रात्रीत अशी कितीतरी. बारीक शीर शोधून सलाइन लावणे, वजनावरून औषधाची मात्रा काढणे, ऑक्सिजन लावणे ही कौशल्ये वापरात नसली की हात जड होतो. त्याहून नाजूक गोष्ट नजरेची. रोज फक्त खरूज आणि सर्दी पाहणाऱ्या नजरेला हळूहळू सर्व काही सर्दीच वाटू लागते. सिस्टरांनीच आम्हास एकदा सांगितले, "सर, वॉर्डात गेले नाही तर मला भीती वाटणं बंद होईल. अन् या कामात थोडी भीती लागते."

दोन हिवाळ्यांपूर्वी आठवीतील एक मुलगा मांड्या दुखतात म्हणून त्या खोलीत आला. त्याला असे झटके पूर्वीही आले होते. पाणी, ऊब, वेदनेची गोळी, एवढ्यावर ते ओसरत. त्या रात्री आम्ही वसतिगृहाच्या पाळीवर होतो. सिस्टरांनी त्याच्या छातीवर नजर ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि "छातीत टोचतं का रे?" एवढेच विचारले. त्याने मान हलवताच आम्हास म्हणाल्या, "गाडी काढा, सर." वाटेतच रुग्णालयाला फोन केला: वय, आजार, श्वासांची संख्या, ताप किती, कोणते औषध केव्हा दिले. पाच वाक्ये, एकही शब्द जास्त नाही. तिथे पोहोचलो तेव्हा खाट आणि ऑक्सिजन तयार होता. सिकलसेलमध्ये छातीची ही गुंतागुंत जिवावर बेतू शकते, असे तिथल्या डॉक्टरांनी मुलाच्या वडिलांना सांगितले. मुलाला रक्त चढवावे लागले. नऊ दिवसांनी तो परतला. यंदा तो दहावीला आहे.

पैशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. अनुदानाच्या बाहेरच्या पदाला संस्था देऊ शकते ते वेतन मोठे नाही, आणि रुग्णालयाच्या रात्रींच्या मानधनातून सिस्टरांच्या मुलीच्या शिकवणीचे शुल्क निघते. यात लाजण्यासारखे काय आहे? सेवाभाव हा शब्द आपण स्त्रियांच्या कामाला फार लवकर चिकटवतो.

आमच्या विषयाकडे वळून थोडे बोलण्याची मुभा वाचकांनी द्यावी. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेला शाळांमध्ये नेमले गेले, आणि खरूज-नायट्यापायी घरी धाडली जाणारी मुले वर्गात परतू लागली. शालेय परिचारिकेच्या इतिहासाचा आरंभ अनेकदा तिथून सांगतात. आपल्याकडे बडोदा शहरात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीरावांचेच ते बडोदे. पण शाळा आणि रुग्णसेवा ही दोन्ही कामे ज्या एका आयुष्यात सामावली, ते सावित्रीमाईंचे. १८४८ पासून मुलींना शिकवणाऱ्या या शिक्षिकेने १८९७ च्या प्लेगात डॉक्टर असलेल्या पुत्रासह, यशवंतरावांसह, पुण्याबाहेर ससाणे मळ्यात रुग्ण सांभाळले. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवरून आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

सावित्रीमाईंचे उदाहरण देताना आम्हास थोडी धास्तीही वाटते. त्या साथीत खपल्या म्हणून आजच्या परिचारिकेनेही झिजावे, असा अर्थ कुणी काढू नये. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या महिलांची परिषद भरली, आणि तिने कष्टकरी स्त्रियांच्या रजेचे व निवृत्तिवेतनाचे ठराव केले. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ साली मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले. तो कायदा कारखान्यांचा होता, वसतिगृहांचा नव्हे. तरी ज्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिने आपल्या सिस्टरांच्या झोपेचा हिशेब ठेवला नाही तर कोणी ठेवावा?

पहिल्या वर्षी तो ठेवला जात नव्हता. रात्रभर जागून आलेल्या सिस्टर नऊ वाजता खोली उघडून बसत. शाळा समितीत हा विषय निघाला तेव्हा एका सदस्यांचे मत पडले की, बाहेरचे काम करायचे तर बिनपगारी रजा घ्यावी. आम्ही विरोध केला. रात्रपाळीत मिळणारे शिक्षण जर शाळेच्याच मुलांच्या कामी येते, तर त्या रात्रीचा भार एकट्या सिस्टरांच्या शरीरावर टाकणे न्यायाचे नव्हे. बराच वाद झाला. आता ठरले आहे ते असे: रात्रपाळी शनिवारीच, कारण रविवार पूर्ण सुट्टीचा आणि सोमवारी गोळ्यांचा दिवस त्यांच्याविना पार पडत नाही. परीक्षेच्या आणि सहलीच्या आठवड्यात पाळी नाही. कुणी सिकलसेलचा मुलगा आधीच आजारी असेल तर त्या जात नाहीत, आणि रुग्णालयानेही हे मान्य केले आहे. परतल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच त्या वसतिगृहाकडे येतात. रविवारी दुपारपर्यंत त्यांच्या दारावर कुणी थाप मारायची नाही. पाचवीची मुले हा नियम अजून अधूनमधून मोडतात.

उरला प्रश्न त्या शनिवारच्या रात्रीचा, म्हणजे पालकसभेतील गृहस्थांचा. आम्हा दोघा शिक्षकांना सिस्टरांनी श्वास मोजणे, ताप आणि ऑक्सिजनची पातळी पाहणे, कोणत्या खुणा दिसल्या की फोनची वाट न पाहता निघायचे, हे शिकवले आहे. पण आम्ही परिचारिका नव्हे. त्या रात्रींसाठी शहरातील एक निवृत्त परिचारिका येऊन दोन खाटांच्या खोलीत मुक्काम करतात. त्यांची सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि येत्या जूनपासून आपल्याला जमणार नाही असे त्यांनी कळवले आहे.

या शाळेतून शिकून गेलेल्या कितीतरी मुली आज नागपुरात आणि बाहेर परिचारिका आहेत. त्यांतील सहा जणींनी वर्षातून चारच शनिवार घेतले, तर बारा महिन्यांच्या चोवीस रात्री भरतात. मानधन आणि रात्रीचे जेवण संस्था देईल, तसा ठराव समितीने केला आहे. नावे मे अखेरपर्यंत कार्यालयात नोंदवावीत. खोली कुठे आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही.