एका झाडावरील शेरा

सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली त्याला शेऱ्याचे सामर्थ्य सांगावयास नको. अमुक तालुका 'कटकटीचा', तमुक कारकून 'मंद', अशी एक ओळ कोणा पूर्वाधिकाऱ्याने दप्तरात लिहून ठेवावी आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येकाने तीच खरी मानून चालावे, हा आपणां सर्वांच्या परिचयाचा प्रकार आहे. परप्रांतात तर तो अधिकच. तेथे आपण भाषा अर्धी जाणतो आणि शेरा मात्र पुरा लिहितो. पण माणसांप्रमाणे झाडांच्याही सेवापुस्तकात असा शेरा पडतो, हे आम्हांस अलीकडेच कळले.

टेक्सासात राहणाऱ्या आमच्या भाच्याने भाजक्या पानांची एक पुडी पाठविली. घराच्या कुंपणाची ही पाने चहासारखी उकळून प्यावीत, असे सोबतच्या चिठ्ठीत होते. झाडाचे नाव यॉपॉन. नाताळच्या भेटकार्डांवर काटेरी पाने व लाल फळे दिसतात त्या 'होली'चे हे जातभाई. (आपल्या होळीशी त्यांचे काही नाते नाही.) यॉपॉनची पाने बारीक व बारमाही हिरवी, नर झाड वेगळे, मादी वेगळे, आणि फळे अर्थात मादीलाच. खारा वारा, अवर्षण, साचलेले पाणी, सारे ते निमूटपणे सोसते. फळे खावयाची नसतात. पानांत मात्र कॅफीन असते. आम्ही राहतो आसामात, चहाच्या राज्यात. तेव्हा पहिला घोट थोड्या परीक्षकी ऐटीतच घेतला. चव सौम्य निघाली. किटलीत तासभर विसरून राहिली तरी ती कडवट झाली नाही, आणि हे आमच्या येथील नामांकित चहालाही साधलेले नाही.

मग कुतूहलाने शास्त्रीय नाव शोधले: आयलेक्स व्हॉमिटोरिया. म्हणजे ओकारी आणणारे होली!

हा शेरा 1789 मधला. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाचे प्रमुख विल्यम एटन यांनी त्या बागेतील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली, तीत हे नाव आले. अमेरिकेच्या आग्नेय भागातील मूळ रहिवासी ही पाने भाजून, काळी होईपर्यंत उकळून सभागृहात पीत. विचारविनिमयाआधी शंखाच्या पेल्यातून ते पेय फिरे. काही विधींत ते अतोनात पिऊन ओकून टाकीत, शुद्धीसाठी. परक्यांच्या डोळ्यांत भरली ती ओकारी. आपल्याकडे वमन हे पंचकर्मांतले एक कर्म आहे. गजकरणीसाठी योगी तांब्यांमागून तांबे पाणी पितो. म्हणून पाण्याला कोणी 'वांतिकर' म्हटलेले नाही. फ्लोरिडातील स्पॅनिश वसाहतवाले तर हे पेय रोज घेत आणि त्यांच्या पोटात ते सुखाने राही.

त्याच पेयाने दुसरेही एक नाव दिले आहे. सेमिनोल लोकांचा पुढारी ओसिओला याच्या नावाचा अर्थ 'काळ्या पेयाची ललकारी देणारा' असा होतो. 1837 मध्ये वाटाघाटीच्या पांढऱ्या निशाणाखाली त्याला पकडले व पुढच्याच वर्षी तो कैदेत वारला. सेंट लुईसजवळच्या काहोकिया या प्राचीन नगरातील मातीच्या पेल्यांत या पेयाचे अंश सापडल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. ते नगर यॉपॉन उगवते त्या प्रदेशापासून कितीतरी दूर आहे. लोक जे एवढ्या लांबून मुद्दाम आणवीत, ते ओकण्यापुरतेच असेल काय?

अर्थात सगळा दोष नावावर टाकणे न्यायाचे नव्हे. 1830 च्या कायद्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलले, तेव्हा झाड एकीकडे व पिणारे दुसरीकडे झाले. यादवी युद्धात, 1861 ते 65, नाकेबंदीमुळे कॉफी मिळेना, तेव्हा दक्षिणेतील गोऱ्यांनाही यॉपॉन आठवले. कॉफी आल्यावर ते गरिबीची खूण म्हणून टाकले गेले. पण जातभाईचे नशीब पाहा. दक्षिण अमेरिकेतील येर्बा माते हेही होलीच. 1822 मध्ये सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला पॅराग्वेचे नाव दिले, गुणदोषांची वाच्यता केली नाही. ते आज अर्जेंटिनापासून सीरियापर्यंत घरोघर प्यायले जाते.

आम्ही राहतो त्या प्रांतालाही ही गोष्ट नवी नाही. येथील सिंगफो लोक रानातला चहा पीत. रॉबर्ट ब्रूस यांना तो 1823 मध्ये त्यांच्याकडूनच कळला. कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी 'हा चहाच' असे मान्य करावयास 1834 उजाडले. तोवर पिणाऱ्यांची साक्ष दप्तरी ग्राह्य नव्हती. येथे निदान शेरा बदलला. यॉपॉनच्या बाबतीत अपिलाची सोय नाही. नाव अनुचित वा अप्रिय आहे एवढ्याच कारणावरून ते रद्द करता येत नाही, असा वनस्पतिनामांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. नियम कोणी केला असेल ते आपणांस सांगावयास नको. तो आपल्याच पंथाचा दिसतो.

कुंपणाची छाटणी पुढल्या महिन्यात व्हावयाची आहे, डहाळ्या टाकून देऊ की पाने भाजून ठेवू, असे भाच्याने विचारले आहे. ठेवावीत, असे आम्ही उलट टपाली कळविले.