ऊन, ओलावा आणि सात चमचे

सातारा सोडून मेलबर्नला येऊन आम्हाला वीस वर्षं होऊन गेली. इथली ट्राम, दिवसात चार ऋतू दाखवणारी हवा, सगळं अंगवळणी पडलं. इथलं ऊन अंगवळणी पडायला मात्र वेळ लागला, कारण ते अंगाला जाणवतच नाही! साताऱ्यात एप्रिलच्या दुपारी राजपथावरून चाललं की ऊन म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही. इथे जानेवारीत समुद्रावरून गार वारा सुटलेला असतो, पारा २० वर, अंगात स्वेटर, आणि अतिनील किरणांचा निर्देशांक १० च्या पुढे. ऊब वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. पातळ ढगांना तर ते जुमानतच नाहीत. त्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकी इथल्या भर उन्हाळ्यात.

हे सगळं मला शिकवलं ते लेकीच्या शाळेने. 'नो हॅट, नो प्ले'. टोपी नसेल तर मैदान नाही, सावलीत बसायचं. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत हाच नियम. १९८१ साली इथे सिड नावाच्या सीगल पक्ष्याने टीव्हीवर नाचत नाचत 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' सांगितलं: सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. इथली मुलं हे आपल्या शुभंकरोतीसारखं घोकून मोठी होतात.

माझ्या लहानपणी त्वचेची निगा म्हणजे दिवाळीचं उटणं, थंडीत कोल्ड क्रीम आणि उरलेले दहा महिने खोबरेल. उन्हासाठी काही लावतात हे गावीही नव्हतं. ऊन टाळायचं ते एकाच कारणासाठी: "काळी पडशील!" पुण्यात स्कूटीवरच्या मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवून फिरतात, त्यातही धुळीइतकाच वाटा या वाक्याचा असावा.

तर आता आमच्या बाथरूमच्या कपाटात दोन बाटल्या शेजारी नांदतात. एक सॉर्बोलिनचा भलामोठा पंप. हे इथलं घरोघरीचं मॉइश्चरायझर, स्वस्त आणि बिनवासाचं. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने पोटऱ्या अशा पांढऱ्या पडतात की नखाने नाव लिहावं! दुसरी बाटली सनस्क्रीनची. मंडळाच्या बायकांत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे आधी कुठलं? आधी मॉइश्चरायझर, तोंड धुतल्यावर कातडी किंचित ओलसर असतानाच. ते जिरायला चार-पाच मिनिटं द्यायची (तेवढ्यात चहा होतो), मग सनस्क्रीन, आणि मेकअप करायचाच असेल तर तो त्यावर. दोन्ही तळहातावर कालवून एकदम फासण्याचा शॉर्टकट घेऊ नये. सनस्क्रीनचा एकसंध थर बसला तरच ते काम करतं. पातळ झालं की बाटलीवरचा आकडा बाटलीवरच राहतो. एसपीएफ असलेलं मॉइश्चरायझर हा तिसरा पर्याय. तो ऑफिसला जाण्यापुरता ठीक, पण ते आपण इतकं थोडं लावतो की समुद्रावर त्याच्या भरवशावर जाऊ नये.

थोडं म्हणजे किती? इथला हिशोब चहाच्या चमच्याने. चेहरा, कान आणि मान मिळून एक, प्रत्येक हातापायाला एक, छातीपोटाला एक, पाठीला एक. एकूण सात चमचे, म्हणजे ३५ मिलिलिटर. तेही बाहेर पडण्याच्या वीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हे ऐकून म्हणाल्या, "सात चमचे? अगं, एवढ्या तुपात माझे बेसनाचे लाडू वळून होतील!" "आई, हे समुद्रावर जातानाचं, रोजचं चेहऱ्याला एकच चमचा," असं सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. आकड्यांचं म्हणाल तर नीट लावल्यास ३० एसपीएफमधून तीनेक टक्के किरण आत येतात, ५० मधून दोन. फरक एवढासाच. लावण्यातला आळस त्याहून महाग पडतो. २०२५ मध्ये 'चॉइस' या इथल्या ग्राहक संस्थेने वीस सनस्क्रीन तपासली, त्यांतली सोळा वेष्टनावरच्या एसपीएफला उतरली नाहीत. तेव्हापासून मी तर हात आणखीच सैल सोडते.

आपल्या रंगाची एक वेगळीच अडचण आहे. झिंकचं सनस्क्रीन गोऱ्या चेहऱ्यावर जिरल्यासारखं दिसतं, आपल्या चेहऱ्यावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं! माझ्या गालावर दुसऱ्या बाळंतपणानंतर वांग आले. तेव्हा कळलं की वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होतात. त्याला साधं सनस्क्रीन पुरत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगाची छटा असलेलं लागतं. ते गव्हाळ कातडीवर मिसळूनही जातं. एका दगडात दोन पक्षी.

पण आपल्याला हे कितपत लागतं, हा प्रश्नही रास्त आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन काही संरक्षण देतंच. त्याच मेलॅनिनमुळे आपल्याला ड जीवनसत्त्वासाठी ऊन जास्त लागतं. माझ्या रक्तात ते इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. इथल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सल्ला बदलला तो यामुळेच. फार गोऱ्यांना, मधल्या रंगाच्यांना आणि गडद कातडीच्यांना आता एकच नियम नाही. आणि मेलानोमा आपल्यात क्वचित होतो, पण झालाच तर पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंधच नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, त्याचा आजार पायाच्या बोटापासून सुरू झाला होता. तेव्हा पायाला सॉर्बोलिन चोळताना तळव्यावर आणि नखांवर एक नजर टाकत जा. नवा काळा डाग किंवा नखात रुंदावणारी रेघ दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

एवढं सगळं शास्त्र घरात असताना गेल्या वर्षी आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीने क्रिकेट सोडायचं म्हटलं. "प्रॅक्टिस चार वाजता असते, किती टॅन होते मी." ती दिवसातून चारदा सनस्क्रीन लावत होती, ते कातडी जपायला नव्हे. कुणीतरी एका कार्यक्रमात तिला "केवढी काळवंडलीस गं!" म्हटलं होतं. भारतात 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' गेलं. आमच्या जिभेवरून ते अजून गेलेलं नाही. मी रागावले, समजावलं, उपयोग शून्य. शेवटी कामी आल्या सासूबाई. त्या नातीला म्हणाल्या, "बाळा, मी तुझ्याएवढी असताना मला उन्हात जाऊ दिलं नाही. रंग जपला म्हणे. पोहायला मात्र आले नाही कधी." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. शनिवारी लेक मैदानावर गेली, ओठांना पांढरं झिंक लावून.

यंदा जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही भर उन्हाळ्यात काळ्या साड्या नेसून गेलो. (गडद रंगाचं, घट्ट विणीचं कापड अतिनील किरण चांगले अडवतं, तेवढाच फायदा.) सुंदर काळ्या चंद्रकळेतल्या एक मावशी लेकीला तिळगूळ देता देता म्हणाल्या, "अगं, केवढी काळी झालीस!"

"हो मावशी, दहा ओव्हर्स टाकल्या काल. एसपीएफ ५० लावून."

ती वाण घेऊन पुढे गेली. मावशी हळूच माझ्याकडे सरकल्या आणि त्यांनी विचारलं, "कुठलं लावते गं ही? चेहरा काय तुकतुकीत दिसतोय!"