मोरीतला राखणदार

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात तो राहतो. वरून दिसते ती फक्त स्टीलची गोल जाळी, बाकी सगळं अंग लादीखाली. हार्डवेअरच्या दुकानात त्याचं नाव नहाणी ट्रॅप. आपल्या न्हाणीवरून पडलेलं हे नाव प्लंबरपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्याचं काम एकच, पोटात पाणी धरून बसायचं. आंघोळीचं पाणी येतं, तेवढंच पुढे जातं आणि साधारण 50 मिलीमीटर पाणी कायम मागे उरतं. त्या दोन इंचांच्या अलीकडे आपण, पलीकडे अख्ख्या इमारतीचं गटार. पाण्याला वाट मिळते, वाऱ्याला मिळत नाही. नळी वाकवून त्या बाकात पाणी अडवायची ही युक्ती जुनी आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली तिच्यासह संडासाचं पेटंट घेतलं.

एरवी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एका मे महिन्यात तीन आठवडे गावी राहून परतलो, कुलूप काढलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा अंगावर आला. मी फिनेल ओतायला निघालो होतो. आई म्हणाली, "थांब, आधी जाळी काढ." आत टॉर्च मारला. केसांचा गुंता, साबणाचा राखाडी थर, आणि जिथवर पाणी असायचं तिथे क्षाराची पांढरी रेघ. खाली सगळं कोरडं ठणठणीत. उन्हाळ्याने त्याच्या पोटातलं पाणी पिऊन टाकलं होतं. आईने गुंता काढला, दोन तांबे पाणी ओतलं आणि खिडक्या उघडल्या. तासाभरात घर पुन्हा घरासारखं झालं.

डांबराच्या गोळ्या टाकून वास झाकणं मला तेव्हापासून पटत नाही. राखणदार तहानेने पडलेला असताना दारात अत्तर शिंपडून काय होणार? कधी पाणी असूनही वास येतो, वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की मोरी गुडगुडते. तेव्हा वरून वेगाने उतरणारं पाणी त्याच्या पोटातलं पाणी ओढून नेत असतं. अशा वेळी गच्चीवरचा व्हेंट पाइप तुंबलाय का ते पाहावं. काही जुन्या मोऱ्यांत जाळीखाली पालथ्या वाटीसारखी टोपी असते. पाणी हळू जातं म्हणून लोक ती काढून फेकतात. ती वाटी म्हणजेच तिथला ट्रॅप. ती गेली की गटाराला दार उघडं.

दाराच्या पलीकडचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवा न लागणाऱ्या गाळात जिवाणू तो तयार करतात. आपल्या घरात तो नाकाला छळतो, पण मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा तोच जीव घेतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, आता हवा बरी आहे. पुरेशा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसं उतरवली जातात आणि मरतात. आपल्याला राखायला दोन इंच पाणी आहे, त्यांच्या नाकाशी तेवढंही नसतं. आपल्या सोसायटीची टाकी उपसायला कोणी दोरी बांधून माणूस उतरवत असेल, तर त्याला अडवा. यंत्राची गाडी मागवा.

आणि घर बंद करून गावी निघाल तेव्हा गॅस, दिवे, खिडक्या पाहून झाल्यावर मोरीपाशी या. तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग पाण्याला लवकर उडू देत नाही. गॅलरीतली मोरी आणि पाहुण्यांच्या खोलीतलं न वापरलेलं बेसिन विसरू नका. तिथेही त्याचे भाऊबंद बसलेले असतात.