आपला-परका न ओळखणारी आग

१९९८ साली कॅनडातल्या बायोवेअरने काढलेला 'बाल्डर्स गेट' पाच सीडींवर यायचा. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेलं की कॉम्प्युटर पुढची सीडी मागायचा. जडशीळ मॉनिटरपुढे आम्ही दोघं-तिघं एका माउसवर खेळायचो, आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा व्हायचा तो फायरबॉल टाकताना. 'अरे थांब, आपला माणूस पुढे आहे!' मग स्पेसबार दाबून खेळ थांबवायचा, आपल्या टोळीतल्या सहाही जणांच्या जागा बघायच्या, लढवय्याला मागे घ्यायचं आणि मगच मंत्र सोडायचा. त्या आगीला आपला-परका कळत नसे.

त्या जादूचा धाक होता. विजेचा मंत्र भिंतीवर आपटून उलटा फिरे. अरुंद तळघरात तो सोडणाऱ्याच्याच अंगावर येई. जाळ्याच्या मंत्रात शत्रूबरोबर आपलेही लोक अडकत. आकाशातून वीज पाडणारा निसर्गपूजक ड्रुइडचा मंत्र फक्त उघड्यावर चाले, छपराखाली नाही. फायरबॉलचं नुकसान जादूगाराच्या प्रत्येक पातळीमागे सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त दहा फासे. पाचव्या पातळीला हा मंत्र मिळे तेव्हा साध्या जादूगाराला तो एकदाच टाकता येई, आणि पुन्हा हवा असेल तर झोप काढावी लागे. मार मोठा, संधी एकच, धोका स्वतःलाही. त्या खेळाचा सगळा तोल या तीन गोष्टींवर उभा होता.

उणिवाही होत्या. लाकडी सराईत आगीचा गोळा फोडला तरी एक खुर्ची जळत नसे. धो धो पावसात उभ्या असलेल्या शत्रूला विजेचा झटका जरासुद्धा जास्त बसत नसे. नजरेपलीकडच्या अंधारात मंत्र फेकले की पुष्कळदा शत्रू जागच्या जागी मरे. प्रत्येक लढाईनंतर झोप काढून मंत्र परत भरून घेण्याची पळवाटही होतीच.

मुकी जमीन बोलायला लागली ती बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजच्या हातून. २०१४ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'मध्ये पाऊस पाडा, आग विझते, साचलेल्या पाण्यात वीज सोडा, त्यात उभे असलेले सगळे गारद, तेलावर ठिणगी टाका, वणवा, पाण्यावर आग टाका, वाफेचा ढग. ते पहिल्यांदा खेळताना वाटलं, लहानपणी हवं होतं ते हेच. पण २०१७ च्या दुसऱ्या भागात ही हौस हाताबाहेर गेली. शापित आग साध्या पाण्याने विझेना, आणि निम्म्या लढाया जळत्या मैदानातून वाट काढण्यातच संपू लागल्या. सगळीकडेच आग म्हटल्यावर आगीचं अप्रूप कसं राहणार?

लॅरियननेच पुढे 'बाल्डर्स गेट ३' हाती घेतला. २०२० च्या अपूर्ण आवृत्तीत आगीचा साधा, फुकटात टाकता येणारा मंत्रही जमीन पेटवायचा. त्या भाजण्याने समोरच्या जादूगाराची एकाग्रता मोडायची, त्यामुळे त्याचे महत्त्वाचे मंत्र वाया जायचे. खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि त्या ऐकल्या गेल्या. २०२३ च्या पूर्ण खेळात हा मंत्र जमीन पेटवत नाही. हा खेळ टेबलावरच्या ज्या खेळाच्या नियमांवर बेतला आहे, त्यातला दहा बाजूंचा फासा त्याला परत मिळाला. भिजलेल्या शत्रूला वीज आणि थंडी दुप्पट लागते, पण त्याआधी त्याला भिजवण्यात कुणाची तरी खेळी खर्ची पडते. आगविजेच्या विद्येत मुरलेला जादूगार दुसऱ्या पातळीपासून आपल्या माणसांना स्वतःच्या स्फोटातून वाचवू शकतो, मात्र त्यासाठी इतर विद्याशाखांच्या खास कौशल्यांवर पाणी सोडावं लागतं.

जुन्या धाकाची मला आजही ओढ आहे, आणि तरीही २०२३ चा तोल मला अधिक शहाणा वाटतो. जुन्या खेळात धोका होता, पण जमीन मुकी होती. मधल्या काळात जमीन बोलू लागली, पण धोका इतका स्वस्त झाला की त्याची किंमत उरली नाही. आता परिसर साथ देतो, पण तयारी केलेल्यालाच.

आपल्याकडची बरीच तरुण मुलं आज गेम डिझाइन शिकताहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे: मंत्राने किती नुकसान व्हावं हे नंतर ठरवा. तो टाकणाऱ्याने काय पणाला लावायचं, ते आधी ठरवा.