जमिनीतून धूर निघणाऱ्या गावास

प्रिय निकोडेमस,

तू मला ओळखत नाहीस. मी पुण्यात राहते आणि तुझ्यापर्यंत पोहोचले ती एका अर्पणपत्रिकेच्या वाटेने. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवलं. आम्ही ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण मला एक प्रश्न बरीच वर्षं सलत होता. सोडवणाऱ्यांना पुस्तक अर्पण झालं, मग जे सुटले ते पुढे गेले कुठे? त्यांना पाठ टेकायला जागा कुणी दिली? उत्तर शोधता शोधता कॅन्सस राज्याच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत, तू सापडलंस.

त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी तू वसलंस. त्याच 1877 साली दक्षिणेकडच्या राज्यांतून केंद्र सरकारचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसांना पुन्हा जुन्या मालकांच्या दयेवर सोडलं गेलं. 18 एप्रिलला सहा काळे गृहस्थ आणि डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-व्यावसायिक यांनी मिळून ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन केली. डब्ल्यू. एच. स्मिथ अध्यक्ष झाले, सायमन राउंडट्री सचिव. केंटकीतल्या चर्चांमधून पत्रकं वाटली गेली : या, इथे जमीन आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळत, पाच वर्षं राहून कसली तर आपली होत. तुझं नाव बायबलमधल्या निकोडेमसचं की स्वतःची किंमत मोजून स्वतंत्र झालेल्या आख्यायिकेतल्या गुलामाचं, यावर दोन मतं आहेत. माझं मन दुसऱ्याकडे झुकतं.

मी तुला नकाशावर कितीतरी वेळा न्याहाळलंय. अमेरिकेच्या नकाशावर 100 अंश पश्चिम रेखांशाची उभी रेष आहे. तिच्या पूर्वेला पावसावर शेती पिकते, पश्चिमेला पाऊस भरवशाचा राहत नाही, असा ढोबळ हिशेब. तू त्या रेषेच्या जरासं पूर्वेला, दक्षिण सॉलोमन नदीच्या खोऱ्यात. वर्षाला पाऊस 20-22 इंच, तोही लहरी. वारा मात्र बारा महिने. झाडं ओढ्याकाठी असतील तेवढीच, बाकी सगळा गवताळ माळ. केंटकीतून निघालेली माणसं डोंगर, झाडी, झरे पाहत वाढलेली. लाकडाशिवाय घर असतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

1877 च्या सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं एलिस स्टेशनावर उतरली. तिथून तू सुमारे 35 मैल दूर. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदवलेली आहे, आणि तुझ्याविषयी मी जे काही वाचलं त्यात तीच माझ्या मनात रुतून बसली. एलिसला मुक्काम असताना गोवर आला, काही मुलं तिथेच गेली. मग दोन दिवसांचा रस्ता. पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! विलियानाबाईंनी पाहिलं, तर गाव कुठेच नव्हतं. कुठे आहे, म्हणून त्यांनी नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माणसं भुईत बिळं खणून राहत होती. विलियानाबाई रडू लागल्या.

मला वाटतं, तुझा इतिहास त्या रडण्यापासून सुरू होतो. पत्रकात रंगवलेलं गाव तिथे संपलं आणि खरं गाव डोळ्यांसमोर आलं. लोक हिलवर संतापले. कित्येक कुटुंबं माघारी फिरली आणि त्यांना मी दोष देत नाही. हिकमन कुटुंब राहिलं. नवरा धर्मोपदेशक होता, त्याने बॅप्टिस्ट मंडळी उभी केली.

त्याआधीच्या पहिल्या हिवाळ्याचा मात्र विसर पडता कामा नये. घरात दाणा नव्हता. काही पुरुष रेल्वेच्या कामावर गेले. काहींनी माळावर विखुरलेली बायसनची हाडं गोळा करून विकली. आधीच्या काही वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनी ते कळपच्या कळप संपवले होते. आणि मग शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचं मांस तुझ्या लोकांना दिलं. हे ओसेज कोण? त्यांना नुकतंच, 1870 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, कॅन्ससमधली उरलीसुरली जमीन सोडून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत जावं लागलं होतं. तुझे 160-160 एकरांचे तुकडेही एकेकाळी शायेन, पॉनी लोकांची शिकारभूमी होते. तुझ्यावर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांना त्या राज्यातून हाकललं, त्यांनीच तिथे नव्याने येऊन उपाशी बसलेल्यांना वाढलं, ही गोष्ट तुझ्या नावासोबत दरवेळी सांगितली जावी, एवढीच माझी इच्छा आहे.

वसंतात नांगरणी सुरू झाली म्हणावी, तर नांगर नव्हते आणि घोडे मोजकेच. शतकानुशतकं गवताच्या मुळांनी विणून ठेवलेली ती भुई कुदळ-फावड्याने फोडायची! पहिल्या वर्षी किती जमीन हाताखाली आली असेल, याचा अंदाज हाताला घट्टे पडलेल्या कुणालाही येईल. पण मुलांची शिकवणी थांबली नाही. डब्ल्यू. एच. स्मिथ यांची मुलगी जेनी फ्लेचर तुझी पहिली शिक्षिका. ग्रॅहम काउंटीतला शाळा-जिल्हा क्रमांक एक तुझाच. गुलामीत ज्यांना अक्षरओळखही नाकारली गेली होती, त्यांनी अख्ख्या काउंटीत सगळ्यांआधी शाळेची पाटी लावली. इथे मी वाचता वाचता थांबले होते, आणि माझ्यासमोर फुल्यांनी शाळा काढली तो पुण्यातला भिडेवाडा उभा राहिला.

पुढची दहा वर्षं भराभर सरली. चुनखडीच्या दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या. फ्लेचरांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, 1885 चं आफ्रिकन मेथडिस्ट चर्च. दुकानं, बँक, बेसबॉलचा संघ, ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइज’ ही दोन वर्तमानपत्रं. एडवर्ड मॅकेब 1878 मध्ये इथे आला, काउंटीचा कारकून झाला आणि 1882 साली कॅन्सस राज्याच्या ऑडिटरपदी निवडून आला. स्वातंत्र्य मिळून वीस वर्षं झाली नव्हती, आणि राज्याच्या तिजोरीचा हिशेब एक काळा माणूस तपासत होता.

आता रेल्वेची गोष्ट. त्या माळावर रुळाला लागून असेल ते गाव वाढायचं. धान्य बाहेर जायचं रुळावरून, लाकूड-कोळसा यायचा रुळावरून. हे ओळखून तुझ्या लोकांनी मार्च 1887 मध्ये मतदान करून 16,000 डॉलरचे कर्जरोखे काढायला मंजुरी दिली, मिसूरी पॅसिफिकने यावं म्हणून. ती आली नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेला, काही मैलांवर. रुळालगत बोग हे गाव उगवलं आणि तुझे दुकानदार एकेक करून नदीपलीकडे निघून गेले.

बहुतेक जण तुझी गोष्ट इथेच संपवतात. रेल्वे हुकली आणि गाव मेलं. मला हे अजिबात पटत नाही. दुकानं गेली, पण शेतकरी कुठे गेले होते? ज्याला उपजीविकेसाठी गिऱ्हाईक लागतं तो रुळामागे जातो. ज्याच्या नावावर सातबारा आहे (तुमच्याकडे त्या कागदाचं नाव वेगळं असेल) तो का हलेल? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीचा देह घेऊन जगलेल्या माणसांना स्वतःच्या मालकीची माती मिळाली होती. 1907 साली बॅप्टिस्टांनी नवं चर्च बांधलं, 1918 साली शाळेची नवी इमारत झाली. मेलेलं गाव शाळा बांधत नाही.

तुला खरा तडाखा बसला तो पुढे. 1930 च्या दशकातली मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळं. 1935 साली तुझ्यात 76 माणसं उरली होती. तरी 1939 मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीचा टाउनशिप हॉल उभा राहिला. 1953 ला पोस्ट बंद झालं. 1954 मध्ये तुझा मुलगा व्हेरिल स्वित्झर ग्रीन बे पॅकर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. पुढे शाळाही मिटली. 1996 मध्ये तुला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तुझ्या पाच जुन्या इमारतींसह. 2020 च्या जनगणनेत तुझी लोकसंख्या होती 14.

ती 14 पाहून हळहळणारे लोक जुलैअखेरीस तुझ्याकडे फिरकले नसणार. तुझ्या लोकांचा घरी परतण्याचा सण 1878 पासून चालत आला आहे. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून शेकडो माणसं येतात, जुन्या घराण्यांची नातवंडं-पतवंडं. आमच्याकडे याला जत्रा म्हणतात. आणि या सणाचं मूळ पाहिलं तेव्हा तर मी थक्क झाले. तो अमेरिकेतल्या गुलामीच्या अंताचा दिवस नाही. 1 ऑगस्ट 1834 रोजी ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्याने संपली, त्याची ती आठवण. कुठली ती कॅरिबियन बेटं, आणि कुठे समुद्रापासून शेकडो मैल आत, धुळीच्या माळावर तू! आपल्यासारख्याच, पण कधीही न पाहिलेल्या माणसांच्या मुक्तीचा दिवस तुझ्या लोकांनी स्वतःचा मानला. पुण्यात बसून अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेने हेलावलेले जोतीराव मला म्हणूनच तुझ्या या सणाच्या पंगतीत बसलेले दिसतात.

हे पत्र मी जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधी पोहोचेल अशा बेताने टाकते आहे. तुझं पोस्ट तर केव्हाच बंद झालंय. तेव्हा पाकिटावर तुझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे आणि खाली पिनकोड घातला आहे तो बोगचा. तिथून ते नदी ओलांडून तुझ्याकडे येईल.

तुझी,
पुण्याची एक वाचक