पाणी उतरतं तेव्हा

शाळेला सुट्टी लागली की नात येते, आणि नेमकं त्याच सुमाराला कोयनेचं पाणी उतरलेलं असतं. तसा या दोहोंचा काही संबंध नाही. परीक्षा एप्रिलात संपतात म्हणून ती येते. धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्याआधीचे महिने साठा खाली जाण्याचे, म्हणून पाणी ओसरतं. पण आमच्या घरात या दोन गोष्टी जोडूनच बोलल्या जातात. ओट्यावर उभं राहून खाली बघत तिची आजी म्हणते, "पानी उंबराखाली गेलं. आता पोरगी यील."

आमचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्यात. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायचं आणि तिथून लाँच धरायची. पाठीशी सह्याद्रीची मुख्य धार उभी आहे, ती ओलांडली की खाली खेड आणि कोकण. पावसाळ्यानंतर लाँच गावाच्या पायथ्याला लागते. मे महिन्यात ती दूर खाली थांबते. आधी चिखल, मग तडकलेला गाळ, मग दगडगोटे असं सगळं चढून यावं लागतं. नात नवी मुंबईतल्या घणसोलीत वाढलेली. पहिल्या चढाला दमते, दोनदा बसते, वर आल्यावर मात्र आजीच्या कमरेला मिठी मारून आधी विचारते, "करवंदं संपली तर नाहीत ना?"

लोक म्हणतात, एवढ्या आडबाजूला पोर रमतं का? सुरुवातीला रमत नाही, हे खरं आहे. मोबाइलला रेंज नाही, दुपारी वारा पडतो, अंगणात कोंबड्यांखेरीज कुणी हलत नाही. ती भिंतीला पाय लावून पडून राहते. आम्ही तिला काही करमणूक शोधून देत नाही. मे महिना हा आमच्याकडे कामाचा महिना आहे. पावसाआधी सरपण आत घ्यायचं, शेणी रचायच्या, कौलं चाळायची, नाचणीचं रोप टाकायची जागा भाजून ठेवायची. पाऊस एकदा धरला की इथे चार महिने दार उघडून काही करता येत नाही. या धांदलीत कंटाळलेलं पोर आपोआप ओढलं जातं. आधी नुसती बघते, मग एक लाकूड उचलते, मग तिसऱ्या ओळीत लाकडं उभी लावायची की आडवी यावर आजीशी वाद घालते. मुलाला घरचं करून घ्यायचं असेल तर त्याच्यापुढे खेळणी मांडू नयेत, त्याला कामात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मी मुंबईत मास्तरकी केली, तिथल्या वर्गातही मला हेच दिसलं.

रानाची विद्या आजीकडे. सकाळी ऊन चढायच्या आत दोघी जाळीवर जातात. चिकानं बोटं काळी होतात, काटे ओरखडतात. नात घाईनं देठ ओढायला लागली की आजी तिचा हात धरते. "वडू नगं गं. पिकलेलं हाताला लागलं की सुटतं." मग नात बोटाच्या टोकानं एकेक करवंद नुसतं हलवून बघते, सुटलं तर द्रोणात, नाही तर पुढच्या जाळीवर. गव्याच्या पायांचा ठसा आणि म्हशीचा ठसा यांतला फरक तिला आता कळतो. दिवस मावळायच्या आत घरी यायचं, हे तिला कुणी बजावावं लागत नाही. अस्वल या रानात आहे आणि त्याला फणस आवडतो, एवढं ऐकलेलं तिला पुरतं.

माझ्याकडे तिला द्यायला एकच गोष्ट आहे, आणि ती वर्षातून एवढेच दिवस पाण्याबाहेर असते.

१९६२च्या सुमाराला धरणात पाणी अडलं, तेव्हा मी तिच्याच वयाचा होतो. खोऱ्यातली गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेले, कुणी ठाणे-कुलाब्याकडे. काही नुसती वर सरकली, त्यांत आमचं. घराची लाकडं आणि कौलं बापानं आणि चुलत्यांनी डोक्यावरून वर आणली. जोतं खालीच राहिलं. भाताची खाचरं गेली, आणि ज्यांच्याकडे फक्त उतारावरची नाचणी-वरी उरली त्या घरांतले पुरुष मुंबईला गेले. जावळी-पाटणचे लोक आधीपासून जात होतेच, आता ते जाणं सक्तीचं झालं. थोरला भाऊ मस्जिद बंदरला माथाडी झाला. १९६९च्या माथाडी कायद्यानंतर त्याला पहिल्यांदा हक्काची रजा मिळाली, आणि ती त्यानं गावी येऊन पाण्याच्या काठावर बसून काढली. बाजार नवी मुंबईला हलले तशी पुढची पिढी घणसोली-कोपरखैरण्याला स्थिरावली. माझी नात ही त्या वाटेवरची पुढची.

तर एका सकाळी आम्ही दोघं खाली उतरतो. गाळ भेगाळलेला असतो, भेगांतून हिरवे कोंब. कुणी गाळपेर केली असेल तर तेवढाच एक ओला तुकडा. ती आधी विचारते, "आबा, पाणी गेलं कुठं?" मी सांगतो. बरंचसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला जातं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. बाकीचं धरणाखाली नदीतून कराडकडे. राज्यात दिवे लागतात त्यात या पाण्याचा वाटा आहे. ती ऐकून घेते, पण तिचं लक्ष जोत्याकडे असतं.

जोतं म्हणजे काळ्या दगडांच्या दोन थरांचा एक चौकोन, एक कोपरा ढासळलेला. दगडांवर गाळाचा पातळ लेप बसलेला असतो, तो ती हातानं पुसते. मग पावलं टाकत खोल्या मोजते. इथं माजघर. इथं चूल. इथं गोठा, गोठा घरापेक्षा मोठा, याचं तिला नवल वाटतं. दाराबाहेर सपाट कातळात खोदलेलं उखळ आहे, माझ्या आजीनं त्यात भात कांडलेला. वर्षातले बाकीचे महिने पाण्याखाली राहून ते गाळानं भरतं. नात काठीनं तो उकरते, ओंजळीनं काढते, कोपरापर्यंत हात घालते. तळाशी दगड गुळगुळीत लागला की म्हणते, "आबा, हे अजून चालेल!"

तिच्या आजीनं हे घर नांदतं कधी पाहिलं नाही. ती लग्न होऊन आली ती वरच्या घरात. म्हणून उखळाच्या गोष्टी नात संध्याकाळी तिला सांगते, आणि ती चुलीपुढे भाकरी थापताना लक्ष देऊन ऐकते. मध्येच विचारते, "आन पानी कुठनं आणायच्या?" नातीला ते ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी ते विचारायला ती माझ्याकडे येते. अशी मला पाणवठ्याची वाट आठवावी लागते, वाटेवरचा उंबर, उंबराखालचं खाचर, नदीकाठची मळी. कित्येक नावं मी तोंडानं वर्षानुवर्षं उच्चारलेली नव्हती. जमीन बुडाली की तिच्या तुकड्यांची नावं कामाची राहत नाहीत. नातीला मात्र ती लागतात, कारण कुठं खेळली हे तिला सांगायचं असतं.

वळवाचे ढग धारेवर जमायला लागले की तिचा बाप न्यायला येतो.

जुलैत आमच्याकडे पाऊस कोसळतो. वर्तमानपत्रांत कोयनेचा साठा टीएमसीत छापून येतो; धरण १०५ टीएमसीचं, त्यात आज किती, काल किती. मी आणि तिची आजी छत्री घेऊन टेपाडावर चढतो, तिथे मोबाइलला जरा रेंज येते. नात फोनवर टीएमसी विचारत नाही.

"आबा, मळी बुडाली?"

"मळी परवाच गेली. खाचरात शिरलंय."

"मग जोत्याला किती राहिलं?"

"असाच लागला तर चार दिवस."

"उद्या बघून सांगा," ती म्हणते, "आणि आज्जीला फोन द्या, लाकडं भिजली का विचारायचंय."