वाचणारा एक, ऐकणारा दुसरा

मुलांसाठी लिहिणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: आजच्या पिढीसाठी लिहा. म्हणजे गोष्टीत मोबाईल आणा, पोरांच्या तोंडी ‘ब्रो’ घाला. मी ऐकून घेतो आणि ‘ब्रो’ खोडतो. चित्रं होऊन पुस्तक छापून येईपर्यंत स्कूल व्हॅनमधली बोली पालटलेली असते. शिवाय पन्नाशीतल्या माणसाने उसनी आणलेली बोली मुलं लगेच ओळखतात.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं कोकणातलं बालपण तेव्हाच मागच्या पिढीचं झालं होतं. आणि श्याम सांगतो कुणाला? आश्रमातल्या जाणत्या सोबत्यांना, बेचाळीस रात्री. आज त्यातलं सोवळं-ओवळं, सावकाराचा तगादा मुलांना समजावून सांगावा लागतो. पण अंघोळीनंतर तळवे मळू नयेत म्हणून हटून बसलेला पोरगा आणि त्याच्यासाठी ओचे पसरणारी आई आली, की कुणी अर्थ विचारत नाही.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या खिशात फोन नाही. त्याने काही बिघडत नाही. उलट फोन नाही म्हणून तर तो अडकतो आणि डोकं चालवतो. आज साहसकथा लिहायची तर आधी रेंज घालवायची सबब शोधावी लागते.

माझी खरी पंचाईत वेगळीच. छोट्यांचं पुस्तक वाचते आजी किंवा बाबा, मूल ऐकतं. दोन पिढ्या एकाच पानावर, आणि दोघांचा वकूब वेगळा. म्हणून मी हस्तलिखित मोठ्याने वाचतो. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडतो. तीच गोष्ट रोज रात्री वाचायची तर वाचणाऱ्याचीही जीभ रमायला हवी, म्हणून नाद जपतो. मात्र मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांसाठी केलेला विनोद निर्दयपणे काढतो, मग तो कितीही जमलेला असो. हसण्यातून आपल्याला वगळलंय हे पोराला बरोबर कळतं.

कुमारांचं पुस्तक तसं सोपं. ते दार लावून एकटेच वाचतात.

पुढच्या पिढ्यांसाठी मी काही मुद्दाम करत नाही. गोष्ट माझ्या लहानपणची असेल तर पोस्टकार्ड, एसटीडी बूथ, रॉकेलची रांग जशीच्या तशी ठेवतो. तळटीप देत नाही. ते काम वाचून दाखवणाऱ्याचं.